वरचा पूल, खालचा पूल

"अहो औषधवाले, अँटेना आहे ती, छत्री नव्हे! आकाशाकडे रोखा!"

शाळेच्या गच्चीवर सकाळपासून माझी बडबड चालली होती. संकटात फोन बंद पडले तर उपग्रहावरून निरोप कसा धाडायचा, हे हौशी रेडिओवाल्यांना मी शिकवते. माझ्या पाठीमागे सगळे मला फौजदारीण म्हणतात. म्हणेनात का!

डोंगरापलीकडे माझी धाकटी बहीण दुसरी तुकडी गाडीतून घेऊन गेली होती. उपग्रह डोक्यावर आला की तिनं हाक द्यायची, एवढाच सराव. पण मघाशी डोंगराची दरड कोसळून नदीत पडली, पाणी तुंबलं आणि पलीकडचे फोन गेले. तिचा रस्ता नदीकाठचाच. 

उपग्रह वर आला. जेमतेम दहा मिनिटं तो सापडतो, मग गेला क्षितिजाखाली. मी रेडिओचं बोलायचं बटण दाबलं. "धाकटे, बोल! कुठं आहेस?" दम घ्यायला सोडलं आणि लगेच पुन्हा दाबलं. 

"ताई, जरा ऐकूया का?" शिकणाऱ्यांतला बेकरीवाला म्हणाला.

"तुमची बहीण आहे का तिकडं? गप्प बसा!"

त्या उपग्रहातून एका वेळी एकच आवाज जातो, ज्याचा जोर जास्त त्याचा. हे मीच घसा ताणून शिकवते. पण जीव टांगणीला लागल्यावर कसलं शिकवलेलं आणि कसलं काय! कानात माझाच आवाज परत येत होता, आणि मी आपली हाका मारतेच आहे.

शेवटी औषधवाल्यानं माझा अंगठा धरून बटणावरून उचलला.

खरखरीतून ती आली. रडत होती. "ताई, बटण सोड ना गं... केव्हाची ओरडतेय... गाडी उलटलीय, चौघं आत आहोत... पाणी चढतंय... पुलाजवळ..."

"कुठल्या पुलाजवळ?" मी किंचाळले. ती अजून बोलतच होती, आणि मी पुन्हा बटण दाबलं होतं.

सोडलं तेव्हा नुसती खरखर. उपग्रह मावळला होता. पुढचा यायला दीड तास.

नदीवर पूल दोन, एक वर, एक पार खाली, वाटा उलट्या दिशांना. बंबवाले कोसळलेल्या दरडीपाशी अडकलेले. आमच्याकडे गाडी एकच. बेकरीवाला धावत खाली गेला, गाडी सुरू केली आणि मान वर करून ओरडला, "ताई, कुठल्या पुलाकडं घेऊ?"

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. तिनं पूल सांगितलाही असेल, माझ्याच आवाजाखाली.