बाबा, 'सुटली' म्हणा ना

मित्रांनो, मी एक जुनी पितळी डबी आहे आणि मला दोन तोंडं आहेत. एका बाजूचं झाकण उघडलं की तंबाखू आणि उलट्या बाजूचं उघडलं की चुना. तुम्ही नाकं मुरडलीत ना? मुरडा. माझी गोष्ट ऐकून झाल्यावर पुन्हा सरळ करा म्हणजे झालं.

माझा जन्म नागपूरचा. केशवराव एका लग्नासाठी तिकडे गेले होते, तेव्हा त्यांनी मला बाजारातून उचललं आणि भोपाळला आणलं. त्यांचे वडील सरकारी कचेरीबरोबर इथे आले आणि इथलेच झाले. केशवरावही एका सरकारी कचेरीत कारकून होते. तिथे माझा काय थाट होता म्हणून सांगू! दुपारचे डबे संपले की सगळ्यांचे हात माझ्याकडे वळायचे. शेजारच्या टेबलावरचे श्यामबाबू म्हणायचे, "केशवजी, ज़रा चुनौटी तो बढ़ाना." भोपाळात चुन्याच्या डबीला चुनौटी म्हणतात. मला ते नाव फार आवडायचं. चिमूटभर तंबाखूवर मी कितीतरी भांडणं मिटवली आणि कितीतरी माणसांची ओळख करून दिली. आपण लोकांना जवळ आणतो, असं मला प्रामाणिकपणे वाटायचं. कुणाच्या तोंडात आपण काय ठेवतो, याचा विचार डबीनं करायचा असतो हे मला ठाऊक नव्हतं.

घरी केशवराव आरामखुर्चीत बसले की त्यांचा मुलगा हेमंत मला आणून द्यायचा. पुढे तो मोठा झाला, वीज कंपनीत तंत्रज्ञ म्हणून लागला, त्याचं लग्न झालं. तोवर त्यानं तंबाखूला हातही लावला नव्हता. केशवराव गेले तेव्हा त्यांचा चष्मा कुणी घेतला, घड्याळ कुणी घेतलं. हेमंतनं मला घेतलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तो माझं झाकण उघडून नुसता वास घेत बसला होता. मग त्यानं वडील मळायचे तशीच तंबाखू तळहातावर मळली, तशीच थाप मारून धूळ उडवली आणि चिमूट ओठाखाली ठेवली. त्याचे डोळे भरून आले होते. मित्रांनो, व्यसन नेहमी वाईट संगतीनंच लागतं असं नाही. कधी ते आठवणीचं बोट धरूनही घरात येतं.

आठवण मागे पडली आणि सवय उरली. चहा झाला की हात खिशात. साहेब ओरडले की हात खिशात. काहीच झालं नाही तरी हात खिशात. हेमंतच्या मनाला कळायच्या आत त्याची बोटं माझ्यापर्यंत पोचलेली असायची. सरकारनं पुड्यांवर सडलेल्या तोंडाची भयंकर चित्रं छापायला लावली, तेव्हा मला वाटलं आता हा सोडणार. त्यानं काय केलं असेल? पुडी घेतली की डोळे दुसरीकडे वळवून तो सगळी तंबाखू माझ्यात ओतायचा आणि चित्र चुरगाळून फेकून द्यायचा. माझ्या अंगावर कसलंच चित्र नाही. मी चकचकीत, वर वडिलांची आठवण. एवढा चांगला नियम, त्याला पळवाट म्हणून मी मिळाले, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग डॉक्टरांना हेमंतच्या गालाच्या आत एक पांढरा डाग दिसला. आत्ता सोडलीत तर तो जाऊ शकतो, नाही सोडलीत तर काही सांगता येत नाही, असं ते म्हणाले. नेहरू नगरच्या आमच्या घरात त्या दिवशी कुणी धड जेवलं नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं देऊन झाल्यावर हेमंतची बायको वैजयंती म्हणाली, "असं नाही चालणार. रसिकाच्या गळ्याची शपथ घ्या."

रसिका त्यांची एकुलती एक मुलगी, चौथीतली. हेमंतनं तिच्या गळ्याला हात लावला आणि म्हणाला, "हिच्या गळ्याशपथ, पुन्हा खाणार नाही." तो खोटं बोलत नव्हता. मी त्याच्या शर्टाच्या खिशात असल्यानं त्याची छाती कशी धडधडत होती ते मला कळत होतं. पोरीवर त्याचा जीव होता आणि तो जीव तंबाखूपेक्षा मोठा ठरेल अशी त्याची खात्री होती. त्यानं मला वैजयंतीसमोर रिकामं केलं आणि "बाबांची आठवण आहे, टाकू नको" म्हणून कपाटात ठेवलं.

पण शपथ मनानं घेतली होती. बोटांना कुणी विचारलंच नव्हतं. थोड्याच दिवसांनी ऑफिसात काहीतरी बिनसलं. त्या संध्याकाळी त्यानं मला कपाटातून काढलं, भरलं आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे एका विटेखाली दडवलं. आता तो गच्चीवर येऊन घाईघाईनं मळायचा आणि भिंतीकडे तोंड करून खायचा. लाज वाटायची, आणि लाज वाटली की पुन्हा तल्लफ यायची. लपून खाताना तो पूर्वीपेक्षा जास्तच खाऊ लागला. मला त्याचा राग यायचा नाही. दयाच यायची.

एकदा तो असा उभा असताना रसिका वाळलेले कपडे काढायला वर आली. तिनं पाहिलं. हेमंतची पाठ होती, त्याला कळलं नाही. ती कपडे न काढताच खाली गेली.

दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या ऋतुजाला घेऊन गच्चीवर आली. दोघी माझ्या विटेजवळच बसल्या.

"ऋतुजा, कुणी गळ्याची शपथ घेऊन तोडली तर काय होतं गं?"

"पता नाही तुला? ज्याच्या गळ्याची असते ना, तो मरतो."

रसिकानं आपल्या गळ्याला हात लावला. मग तिनं हळूच विचारलं, "काहीच उपाय नसतो?"

"असतो ना. ज्यानं घेतली त्यानं 'सुटली' म्हणायचं. तीनदा. मग शपथ सुटते, कुणाला काही होत नाही."

त्या दिवसापासून रसिकानं गळ्याला मफलर गुंडाळला. अजून दिवाळीसुद्धा आली नव्हती. घाम यायचा, तरी ती काढायची नाही. घास गिळताना दुखतं म्हणायची, हे मला मागाहून कळलं. आईनं हळदीचं दूध पाजलं, डॉक्टरांनी घसा तपासला, घशात काहीच नव्हतं. गच्चीवर एकटी आली की ती टाकीजवळ उभी राहून आपला गळा चाचपायची. नऊ वर्षांचं लेकरू मरणाला भीत होतं, आणि बाप पकडला जाऊ नये म्हणून कुणाला सांगतही नव्हतं. मी विटेखाली पडून होते. मित्रांनो, दोन तोंडं असून एकानंही बोलता येत नाही, याचं एवढं दुःख मला कधी झालं नव्हतं.

दिवाळीच्या आदल्या रविवारी हेमंत गच्चीवर आकाशकंदील लावत होता. तो स्टुलावर आणि रसिका खाली दोरी धरून.

"बाबा, एक विचारू? सुटली?"

हेमंतच्या हातातली गाठ तशीच राहिली. त्याला वाटलं, पोरगी तंबाखूचं विचारतेय.

"सुटली गं. केव्हाच सुटली."

"असं नाही. तीनदा 'सुटली' म्हणा ना, बाबा."

"सुटली, सुटली, सुटली! झालं समाधान?"

रसिकानं मोठा श्वास सोडला. मफलर काढून कठड्यावर टाकला. टाकीमागे आली, वीट बाजूला केली, मला फ्रॉकला पुसलं आणि दोन्ही हातांनी बापापुढे धरलं.

"घ्या बाबा. आता लपून नका खाऊ. शपथ सुटली ना, आता तुम्ही खाल्लं तरी मी नाही मरत."

हेमंत स्टुलावरून उतरला आणि तिथेच जमिनीवर बसला. जिन्याच्या दारात वैजयंती दिव्याची वायर घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तुला कधीपासून माहीत आहे?" हेमंतनं विचारलं.

"कपडे काढायला आले होते ना, तेव्हापासून. आईला नाही सांगितलं. ती तुम्हाला रागावली असती."

"आणि तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना. म्हणून तर मफलर बांधला."

हेमंतनं तिला पोटाशी धरलं आणि तो हमसून हमसून रडला. वडील गेले तेव्हासुद्धा तो असा रडला नव्हता. वैजयंती येऊन शेजारी बसली. "शपथ मी घ्यायला लावली," ती म्हणाली. "मला वाटलं, प्रेमानं सुटेल." मग तिनं रसिकाचा उघडा गळा कुरवाळला आणि शपथेनं कुणी मरत नाही हे तिला पुन्हा पुन्हा सांगितलं.

दिवाळी होताच दोघं नवरा-बायको सरकारी दवाखान्यातल्या तंबाखू सोडवण्याच्या केंद्रात गेले. मीही बरोबर होते. तिथल्या समुपदेशक योगिनी मॅडम मूळच्या अमरावतीच्या निघाल्या. त्यांनी रागावण्याऐवजी विचारलं, "हात खिशाकडे केव्हा जातो?"

"चहानंतर. साहेब ओरडले की," हेमंत म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "बाबांची आठवण आली की."

"म्हणजे तुम्हाला नुसती तंबाखू नको असते," मॅडम म्हणाल्या. "हाताला काम हवं असतं, मनाला आधार हवा असतो. शपथेनं ते दोन्ही मिळत नाही. तल्लफ आली की घाबरू नका. तिला बाहेरच्या ओट्यावर थोडा वेळ बसू द्या, घरात घेऊ नका. ती आपली आपण उठून जाते. आणि चुकलात तर घरी सांगा. लपवलेलं व्यसन वाढतं."

वैजयंतीनं विचारलं, "ही डबी फेकून देऊ ना?" माझं काळीज हललं. मॅडम हेमंतकडे बघून म्हणाल्या, "वडिलांची आहे ना? काहींना जुनी वस्तू जवळ असली की तंबाखूची जास्त आठवण येते. तुम्हीच ठरवा." हेमंतनं मला मुठीत घट्ट धरलं. मला ठेवायचं ठरलं, पण पोट बदलून.

घरी वैजयंतीनं मला चिंचेनं घासलं. पहिल्यांदा भरलेल्या बडीशेपेला तंबाखूचाच वास आला, हेमंतनं तोंड वाकडं केलं. इतक्या वर्षांची सवय, ती मलाही एका दिवसात कशी सुटेल? तिनं मला पुन्हा उकळत्या पाण्यात टाकलं, पुन्हा घासलं, उन्हात ठेवलं. आता माझ्या एका तोंडात बडीशेप असते आणि दुसऱ्यात लवंगा. चहा झाला की हेमंतचा हात अजूनही खिशात जातो. जाऊ दे. तो बडीशेप तळहातावर घेतो आणि सवयीनं थापही मारतो. ती उडून शर्टावर पडते, मग रसिका खो खो हसते.

मध्ये केशवरावांच्या श्राद्धाच्या दिवशी त्याचा तोल गेला. बाहेरून आला आणि दारातच म्हणाला, "आज घेतली." वैजयंतीचा पोळी लाटणारा हात थांबला. रसिकाचा हात आपसूक गळ्याकडे गेला.

"बाबा, शपथ नाहीये ना?"

"नाही राजा. कसलीच शपथ नाही."

रसिकानं हात खाली घेतला. वैजयंतीनं विचारलं, "बाबांची आठवण आली?" त्यानं मान हलवली. तिनं पाट सरकवला आणि त्या दिवशी तो केशवरावांच्या गोष्टी सांगत जेवला. दुसऱ्या दिवशी माझ्यात बडीशेपच होती.

गालातला डाग आता पुसट झालाय, पण तपासणी चालू आहे. मित्रांनो, मी म्हातारी डबी, माझं एवढं ऐका. मला आणि माझ्यासारख्यांना तंबाखूनं भरू नका, हे तर आहेच. पण तुमच्या घरात कुणी काही सोडायला धडपडत असेल, तर त्याच्या शपथेला आपला गळा देऊ नका. तो चुकला तर त्याला लपायला लावू नका. त्याच्याजवळ बसा आणि आजचा दिवस कसा गेला ते विचारा.

कालच चहानंतर हेमंतनं माझं झाकण उघडलं, तेव्हा रसिकानं विचारलं, "बाबा, सुटली?"

त्यानं मला तळहातावर उपडं केलं. मग तिच्या तळहातावर बडीशेपेचे चार दाणे ठेवत म्हणाला, "सुटतेय."