शंभराच्या वर दोन रेघा

मित्रांनो, दवाखान्याच्या लोखंडी कपाटात, कापसाच्या डब्यामागे जो आडवा पडला आहे तो जुना थर्मामीटर मी. माझ्या काचेवरचे आकडे आता पुसट झाले आहेत. पोटातला पारा तेवढा शाबूत आहे.

एका कारखान्यात कोणीतरी काच तापवून माझी नळी ओढली, पोटात पारा भरला आणि अंगावर बारीक रेघा आखल्या. १९९२ साली मी शिनोलीहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका लहानशा दवाखान्यात आलो. नर्स अंजनाबाई मला झटका देऊन पारा खाली उतरवायच्या आणि माणसाच्या जिभेखाली ठेवायच्या. भातलावणीत भिजलेल्या बाया, हिवतापाने कुडकुडणारे गडी, सगळ्यांची तोंडं मी आतून पाहिली आहेत. काहींनी तर मला चावूनही पाहिलं. "डाक्टर चुकंल, पन ह्यो न्हाई चुकायचा," असं कंपाउंडर सोपान म्हणायचा आणि मी फुगून जायचो. माझ्या खरेपणाचा मला फार तोरा होता.

मग २००९ चा ऑगस्ट आला. पुण्यात स्वाइन फ्लूची साथ पसरली. आमच्या दवाखान्यासमोर तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसांची रांग रस्त्यापर्यंत जायची. त्या रांगेत वरच्या वाडीतली लंकाबाई रोज दोन वेळा यायची. तिला ताप नव्हता. तिला परदेशी जायचं होतं.

तिची एकुलती लेक आरती नवऱ्याबरोबर, आदेशबरोबर, दूरच्या देशात राहत होती. पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. आता दुसऱ्या खेपेला तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं की शेवटच्या महिन्यात हिला घरात एकटं ठेवू नका. आदेशला सुट्टी मिळेना, म्हणून लंकाबाई निघाली होती. आळीव, डिंक बांधून झाला होता. जुन्या लुगड्याची दोन मऊ दुपटी शिवून झाली होती.

पण साथीमुळे त्या देशाने नियम काढला होता. येणाऱ्याने सात दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजून कागदावर लिहून आणायचा, खाली डॉक्टरांचा शिक्का हवा. रोजची नोंद फॅक्सने पुण्याच्या कचेरीत जायची. एकदा जरी ताप निघाला, तरी पुढचे चौदा दिवस प्रवास बंद. सहा दिवस मी अठ्ठ्याण्णवच्या आसपास राहिलो. लंकाबाई दर वेळी मला हात जोडायची आणि मला हसू यायचं.

सातव्या दिवशी सकाळी ती वाडीवरून उपाशीपोटीच चालत आली. दुसऱ्या दिवशी विमान होतं. सोपान तिच्या दूरच्या नात्यातला दीर. तो दवाखान्यामागे स्टोव्हवर चहा करत होता.

"वयनी, उद्या इमानात बसनार तुमी. माझ्या हातचा च्या घेतल्याबिगर जायचं न्हाई," तो म्हणाला.

आपल्याकडे निघालेल्या माणसाला कोणी कोरड्या तोंडाने जाऊ देत नाही. तिने कप हातात घेतला आणि तेवढ्यात आतून तिचं नाव पुकारलं. बशीत ओतून निववायला वेळ नव्हता. उकळता चहा तिने दोन घोटांत संपवला आणि पदराने ओठ पुसत आत आली.

मित्रांनो, तिच्या जिभेखाली जाताच मला आल्याचा वास आला. तोंड भाजून निघालं होतं. पारा चढायला लागला. मी त्याला धरून ठेवणार कसा? शंभराच्या वर दोन रेघा जाऊन तो थांबला.

अंजनाबाई मागे सरकल्या. बाहेर दीडशे माणसं खोकत होती. त्यांनी लाल शाईने आकडा लिहिला, कागद फॅक्सवर गेला. लंकाबाईला वाटलं, आपल्याला खरंच ताप आला. इतरांना आपली बाधा नको म्हणून ती तोंडावर पदर धरून चिंचेखाली एकटीच जाऊन बसली.

संध्याकाळी मी पुन्हा अठ्ठ्याण्णवावर होतो. तेव्हा कुठे सोपानच्या ध्यानात आलं. तो डॉक्टरांपुढे उभा राहिला. "सायेब, च्या मी दिला. काय सजा करायची ती मला करा, पन ह्यो कागद बदला." डॉक्टरांनी पुण्याला दोनदा फोन केला. लिहिलेला ताप तो ताप, असं उत्तर आलं. कागदावर चहासाठी रकाना नव्हता.

चौदा दिवसांची ताप-मोजणी नव्याने सुरू झाली. नवव्या दिवशी आरतीला वेळेआधीच कळा आल्या. आदेश कामावर होता आणि शेजाऱ्यांची भाषा तिला येत नव्हती. तिथल्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत उशीर झाला. आरती वाचली, बाळ गेलं. फोनवर ती आईला एवढंच म्हणाली, "आई, आता नको येऊ. आता काय बघायला यायचं?"

तरी लंकाबाई उरलेले पाच दिवस दोन्ही वेळा येत राहिली. का, ते मला कळलं नाही. चौदाव्या दिवशी शिक्का मारलेला स्वच्छ कागद तिच्या हाती आला. तो तिने सोपानपुढे धरला.

"भावजी, ह्याचं आता काय करू?"

सोपानने तो तिच्या हातून घेतला. त्याने कागदाची घडी करून माझ्या डबीत ठेवली. मागचा स्टोव्ह त्याने पुन्हा पेटवला नाही. पुढे टुकटुक वाजणारं नवं यंत्र आलं आणि मला कपाटात टाकलं. तो कागद अजून माझ्याजवळ आहे.

मी त्या सकाळी खोटं बोललो नव्हतो. हेच मला सर्वात जास्त खातं. मित्रांनो, आम्हा यंत्रांना फक्त आकडा येतो, विचारता येत नाही. तुम्हाला विचारता येतं. लाल शाईचं पेन उचलण्याआधी समोरच्या माणसाला एकदा तरी विचारा, "बाई, आत्ता काही गरम घेतलंत का?" तिला त्या सकाळी हे कोणीच विचारलं नाही.