सूज उतरवणारी गोळी

सावनेरच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले रामाजी मुलीकडे नागपूरला राहायला आले, ते मधुमेह, दुखरे गुडघे आणि स्वतःची ठाम मतं घेऊन. मुलगी मेघा मधुमेहानं किडनी कशी खराब होते, यावर प्रयोगशाळेत उंदरांवर प्रयोग करून संशोधन करत होती.

"दिवसभर त्या उंदरायले काय करून राहते वं?" त्यांनी एकदा जेवताना विचारलं.

मेघानं सोपं करून सांगितलं. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की किडनीत आतून सूज येते. शरीरातलीच काही एन्झाइम ती सूज वाढवतात. त्यांना अडवता येईल का, हे ती शोधत होती. रामाजींनी मान हलवली. बाबांना आपलं काम समजलं, या आनंदात मेघानं त्यांना अजून एक पोळी वाढली.

रामाजींना खरंच समजलं होतं. गुडघ्यांसाठी ते कधीमधी घेत ती गोळी सूजच उतरवते, असं मेडिकलवाला म्हणाला होता. मग किडनीचीही उतरेल, म्हणून आता ते ती सकाळ-संध्याकाळ घेऊ लागले. गुडघे खूश झाले.

काही आठवड्यांत त्यांची पावलं फुगली, लघवी कमी झाली. तपासणीत रक्तातलं क्रिएटिनिन भलतंच वाढलेलं निघालं, म्हणजे किडनी नीट काम करत नव्हती. डॉक्टरांनी औषधं विचारली, तेव्हा रामाजींनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं.

"कोणी सांगितलं ही रोज घ्यायला?"

"पोरीनं. ती यातच पीएचडी करून राहिली."

डॉक्टरांनी मेघाकडे पाहिलं. मेघानं फरशीकडे पाहिलं.

वॉर्डात ती खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा, ही गोळी ज्या एन्झाइमला अडवते, तेच किडनीचा रक्तपुरवठाही सांभाळतं. आजारी किडनी त्याच्याच आधारावर चालते."

"मंग हे जेवताना काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही मधेच ताक मागितलं."

रामाजींना ते पटलं.

गोळी बंद झाली. मेघा रजा टाकून खुर्चीत बसून राही, आणि नर्स लघवीचं माप सांगायला आली की श्वास रोखून ऐके. डायलिसिस टळलं. किडनी बरीचशी सावरली. थोडी गेली ती गेलीच.

घरी निघायच्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बळीरामनं काय झालं होतं ते विचारलं. रामाजींनी एन्झाइमसकट सगळं नीट समजावलं.

"मंग गुडघ्याले आता काय घेता?"

"ते डॉक्टरले विचार गा," रामाजी म्हणाले. "माह्या पोरीले नको विचारू."

मेघानं त्यांची चप्पल पुढे सरकवली.