उभ्या गाडीचा तास

डिझेल पुन्हा वाढल्याचं रत्नव्वाला पंपावरच कळलं. टाकी अर्धीच भरून ती तडक सायझिंगवर गेली.

तिचा ट्रक कबनूरच्या एका सायझिंगवर, म्हणजे सुताला खळ देणाऱ्या कारखान्यावर, भाड्यानं लावलेला होता. तिथं सुताची बिमं, म्हणजे मागावर चढवायचे सूत गुंडाळलेले मोठे रूळ, गाडीत भरायची आणि गल्लीबोळातल्या माग-कारखान्यांना एकेक करत उतरवून द्यायची. गाडी दारोदार फिरणार, म्हणून भाडं खेपेवर नसून तासावर होतं. नवरा अमरेश पाठीच्या दुखण्यानं पडून होता. गाडी पगारी ड्रायव्हर गुंडू चालवायचा आणि बाकीचं सगळं रत्नव्वा बघायची. डिझेल चढत गेलं तरी तासाचा दर मात्र दोन वर्षं जागचा हलला नव्हता.

सायझिंगचे मालक गणपतराव फोनवर एका मागवाल्याशी बोलत होते. "पावणं, डिझेल भडकलंय. वाहतूक परवडंना झालीया. बिमामागं वाढवून द्यायला लागतंय, माझा इलाज न्हाय!"

फोन ठेवून ते तिच्याकडं वळले. "बोला अक्का. अमरेश बरा हाय न्हवं?"

"बरा हाय. तासाचा दर वाढवा म्हणून आलो."

"असं म्हणता? अमरेशला उठता आलं की धाडा, बोलू आमी दोघं."

"पंपावर पैसं मी भरतो, बँकेचा हप्ता मी भरतो, मग बोलायला त्यो कशाला? दर वाढवा, आणि भरायला गाडी तुमच्या आवारात उभी असती, त्यो तास बी धरा."

"उभी गाडी डिझेल पिती व्हय?" गणपतराव हसले. शेजारचा दिवाणजीही हसला.

रत्नव्वाची कानशिलं तापली. "गाडी न्हाय पीत, पण ड्रायवरला पोट हाय. आन् आत्ता फोनवर तुमीच म्हणालासा, वाहतूक परवडत न्हाय. कुणाची वाहतूक? आमचीच की! आमच्या नावानं मागून घेतासा आन् आमालाच न्हाय म्हणतासा?"

हसू मावळलं. "परवडत नसंल तर गेट उघडं हाय," गणपतराव म्हणाले.

बाहेर चहाच्या गाड्यावर बाकीचे ट्रकवाले बसले होते. तिनं सगळं सांगितलं, तशा सगळ्यांनी माना डोलावल्या. "अक्का, बरोबर बोललासा," केरबा म्हणाला. त्याचे दोन ट्रक इथंच लागलेले होते. "पर आमचं हातावरचं पोट. पुढं कोण हुणार?" लगेच सगळे आपापल्या कपात बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिमं भरून गुंडूनं गाडी गेटात आणली, तेवढ्यात रत्नव्वा आडवी आली. "बंद कर. चावी दे इकडं."

ट्रक गेटातच उभा राहिला. मागच्या गाड्या अडकल्या. आता पुढं कुणी व्हायचं हा प्रश्नच उरला नाही. दुपारपर्यंत बिमांअभावी माग बंद पडायला लागले आणि मागवाले लुना, सायकली घेऊन गेटावर जमले. आधी ते रत्नव्वावरच तुटून पडले. "आमचं माग बंद पाडून तुला काय मिळणार गं बाई?"

"माझ्यावर कशाला वरडतासा?" तिचा आवाज त्या घोळक्यातही खणखणीत उठला. "डिझेल वाढलं म्हणून तुमी बिमामागं ज्यादा देतासा का न्हाय?"

"देतो की! गेल्या दिवाळीपासनं देतोय!"

"त्यातलं टिपूसभर माझ्या टाकीत आलं असंल तर शपथ. इचारा आत बसलेल्याला, कुठं मुरलं ते!"

मग सगळी गर्दी ऑफिसकडं वळली. गणपतराव बाहेर आले तेव्हा त्यांच्या अंगाला घाम फुटला होता. आधी त्यांनी आवाज चढवला, मग समजावून बघितलं आणि शेवटी चार मागवाल्यांच्या देखत दर वाढवला. गाडी आवारात शिरल्यापासूनचा तासही कबूल केला. ट्रकवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. रत्नव्वानं गुंडूच्या हातात चावी दिली.

पुढच्या आठवड्यात मात्र तिच्या गाडीचा नंबरच लागेना. "उद्या बघू," दिवाणजी म्हणायचा. मग एके दिवशी त्यानं तिच्याकडं न बघताच सांगून टाकलं, "मालक म्हणत्यात, तुमची गाडी नको." बाकीच्या सगळ्यांच्या गाड्या वाढीव दरानं पळत होत्या.

त्या संध्याकाळी केरबा पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला. "अक्का, तुमच्यामुळं झालं. उभ्या गाडीचं बी मिळालं बघा."

"माझी गाडी काढली, ते ठाव हाय तुला?"

केरबानं मान खाली घातली. "ठाव हाय. पर आमी काय करणार?"

"काय करणार?" ती उंबऱ्यात उभी राहिली. "तासभर गाड्या बंद करायच्या हुत्या. सगळ्यांनी. तासभर! त्येवढ्यात मला परत घेतलं असतं त्यानं. त्येवढं बी झालं न्हाय तुमच्याच्यानं, आन् पेढं घेऊन आलास? जा, त्या दिवाणजीला चार!"

केरबा पायात चपला अडकवत निघून गेला. आतून अमरेश म्हणाला, "कशाला तोडून बोलतीस? उद्या त्येंचीच गरज लागंल."

"लागू दे की," ती म्हणाली.

महिन्याभरात गुंडूनं जयसिंगपूरच्या एका व्यापाऱ्याकडं काम बघितलं. भाडं जरा कमी होतं आणि रस्ता लांबचा, तरी हप्ता कसाबसा निघत होता. रोज गाडी त्याच सायझिंगवरून जायची. रत्नव्वा कधी शेजारी बसलेली असली, तर गेट येताच गुंडूला म्हणायची, "हॉर्न वाजीव रं, जोरात वाजीव!" आणि गुंडू गेट मागं पडेपर्यंत हॉर्नवरचा हात काढायचा नाही.