तार जोडायचे पैसे

"पसर व पदर, काऊन लाजून राह्यली?" रुखमाबाईंनी म्हटलं, आणि शालूच्या तोंडाशी आलेला आकडा तिथंच अडकला.

साडेतीन रुपये. रेडिओत घातलेला दीड रुपयाचा कंडेन्सर, खामगावहून मागवलेला, आणि अंदाजानं धरलेली दोन रुपये मजुरी. सकाळी भाकरी थापताना तिनं तो तीनदा पुटपुटून पाहिला होता. पण रुखमाबाई आल्या त्या ताट घेऊन. पाट मांडायला लावला, शालूला बसवलं, कुंकू लावलं आणि पदरात गहू, नारळ, खण टाकला. दुरुस्त झालेला रेडिओ त्यांच्या काखेत भजन म्हणत होता.

"गुणाची हाय बाप्पा सून तुमची," त्या शालूच्या सासूला, झुंबरबाईंना म्हणाल्या. "आमच्याकडे दोन महिन्यापासून मुका पडला होता."

ओटीत नारळ घेऊन बसलेली बाई पैसे कसे मागणार? शालू वाकून पाया पडली.

रात्रीपर्यंतही तिला दम निघाला नाही. दिवेलागणीलाच तिनं ट्रंक उघडून खण मोजले. अकरा. त्यातला मोरपंखी काठाचा एक तर तिनंच दिवाळीत शेजारच्या अंबूबाईला दिला होता. तो चार घरं फिरून, रेडिओच्या मजुरीपोटी, पुन्हा तिच्याच ट्रंकेत आला होता. खणाचा कंडेन्सर होत नाही. खण देऊन पोरीच्या दुधाच्या भुकटीचा डबाही मिळत नाही.

शालू बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत अमरावतीला शिकली होती. तिच्या भावानं टपालानं रेडिओचा कोर्स मागवला आणि दोन धड्यांत कंटाळला. उरलेले बावीस धडे शालूनं केले. लग्न होऊन पिंपळगाव राजाला आली तेव्हा कपड्यांखाली पक्कड, पेचकस, तारा आणि तांब्याच्या टोकाची, तारांचे जोड डाख देऊन पक्के करायची सळई असलेली पेटी होती. पहिला रेडिओ तिनं नवऱ्याच्या शाळेचा उघडला. मग गावभर झालं, मास्तराच्या बायकोच्या हाताला गुण आहे.

भाऊराव मास्तर वह्या तपासत होते. तिनं ट्रंकेचं झाकण आपटलं तसे त्यांनी चष्मा वर केला.

"आतापर्यंत घरातले सतरा रुपये गेले तुह्या सामानात," ते म्हणाले. ते चिडले नव्हते. बेरीज सांगावी तसं सांगत होते. "आणि थे शेगडीवरची सळई. पोरगी रांगते आपली. मले वर्गात ध्यान लागत नाई."

"मी तिला खांबाला बांधते पदरानं."

"हाव, वासरासारखी." ते थोडं हसले. मग गंभीर झाले. "हे पाय, कामाचे पैसे भेटत असतीन तर कर. भेटत नसतीन तर पेटी माळ्यावर टाक. महिन्याभरात काय थे ठरव."

"घेईन ना पैसे. पण किती घेऊ?"

हा हिशेब मास्तरांच्या पुस्तकात नव्हता.

तिनं वहीचं मागचं पान उघडलं. निंदायला जाणाऱ्या बाईला दिवसाचा दीड रुपया. बाजारातला फकीर मोहम्मद स्टोव्हची पिन बदलायचे आठ आणे घेतो. पण तिचं काम दिवसावर कसं मोजायचं? रुखमाबाईंच्या रेडिओतला दोष शोधायला तीन दुपारी गेल्या होत्या. पोरगी निजली की उघडायचा, उठली की झाकायचा. अन् शाळेचा रेडिओ तिनं पाच मिनिटांत बोलता केला होता. मग पाच मिनिटांचे काय घ्यायचे? की त्या बावीस धड्यांचे घ्यायचे? दिवसाची मजुरी धरली तर पाच मिनिटांत दोन पैसेही होत नव्हते.

"दोन रुपये," शेवटी ती म्हणाली. "सामान लागलं तर त्याचे वेगळे. रेडिओ कोणाचाही असो."

"दोन?" मास्तरांच्या भुवया वर गेल्या. "निंदणाऱ्या बाईपेक्षा जास्त?"

"मग तुमचा पगार कशापेक्षा जास्त आहे?"

ते पुन्हा वह्यांकडे वळले.

चार दिवसांनी नारायणराव आले. कापसाचे दलाल, धोतर स्वच्छ, हातात नवा ट्रान्झिस्टर चामड्याच्या पिशवीत. ते ओसरीवर टेकले. झुंबरबाईंनी पाणी दिलं. शालू दाराआड उभी राहिली आणि तिनं ट्रान्झिस्टर आत घेतला. मागचं झाकण काढलं. सेलचं पाणी गळून स्प्रिंग हिरवी पडली होती, आणि तिची तार सुटून लोंबत होती. बस्स. तिला हायसं वाटलं. इतकं सोपं काम असताना बोलायला काय जड?

"काय निंघालं, सुनबाई?"

"तार तुटली आहे. स्प्रिंग घासावी लागेल. सामान काही लागणार नाही." तिनं झाकण परत बसवलं. "मजुरी दोन रुपये."

नारायणराव हसले.

"सामान लागत नाई म्हणता, मंग पैसे कायचे? तार जोडायचे?"

"ती कोणती, कुठली, ते शोधायचे," शालू म्हणाली. आपला आवाज चढला हे तिला ऐकू आलं. "तार तर तुम्हीही जोडाल, दादा."

"अवं माय!" झुंबरबाई मध्ये पडल्या. "नारायणराव, पोरीचं मनावर घेऊ नका. घरचंच काम हाय. पैसे कायचे?"

"नाई, नाई काकू. शिकेल हायेत त्या. शिकेल माणसानं भाव सांगावा." नारायणरावांनी हात पुढे केला. "आना इकडे. मास्तराचं घर समजून आलो होतो, दुकान समजून नाई."

ते गेले तसा गावात बोभाटा झाला. विहिरीवर अंबूबाईनं विचारलं, "पान्याचे बी पैसे घेतं का व आता?" बायका हसल्या. शालूही हसली, नाहीतर रडावं लागलं असतं. झुंबरबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत, आणि बोलल्या तेव्हा एवढंच, "माह्या दारात थे मशीन पुन्यांदा दिसू नये." मास्तरांनी पेटी माळ्यावर टाकली. टाकताना ती तारांसकट खडखडली. ते खाली उतरून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नको."

वाईट नव्हतं वाटत. डोकं तापलं होतं. तिला राहून राहून एकच कळत नव्हतं: दोन रुपये जास्त झाले की सांगायची रीत चुकली?

त्यानंतर तिसऱ्या दुपारी परसदारी बानो आली. फकीर मोहम्मदची बायको. बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन घरोघर फिरायची, म्हणून कुठल्याही घराचं मागचं दार तिला उघडं. तिनं टोपली उतरवली, बांगड्यांची गुंडाळी बाजूला केली. खाली चामड्याची पिशवी होती.

"नारायणसेठचा," ती कुजबुजली. "दुकानात आमच्या इनोनं खोलून पायला. स्टोव्ह, कुलपं, समदं जमते त्यायले, हे नाई जमत. पर गिऱ्हाइकाले ना कसं म्हनावं? तुम्ही करा भाबी. तीन तुमचे, दोन दुकानाचे."

"म्हणजे पाच? पाच सांगितले?"

"हाव."

"आणि नारायणराव हो म्हणाले?"

"चूप बसले. इनोनं बोललं, अंदरची लाइन गेली, पाच रुपये, परसो आना. अन् दुसऱ्याचा स्टोव्ह घेतला हातात."

शालू त्या पिशवीकडे बघत राहिली. अंदरची लाइन. तिनं तर तार दाखवली होती, स्प्रिंग सांगितली होती, सामान लागत नाही हेही स्वतःच सांगून टाकलं होतं. सगळं उघडं करून मग किंमत मागितली होती.

झुंबरबाई पुढच्या खोलीत कलंडल्या होत्या. शालूनं स्टूल लावून पेटी उतरवली. पोरीला पदरानं खांबाला बांधलं, दोनदा गाठ ओढून पाहिली, चुलीतल्या निखाऱ्यावर सळई ठेवली. बानो मोठ्यानं बांगड्यांचे भाव सांगत बसली. पंधरा मिनिटांत ट्रान्झिस्टर बोलू लागला. शालूनं झटकन बटण फिरवून तो गप्प केला.

बाजाराच्या दिवशी नारायणराव मुद्दाम ओसरीवर थांबले. ट्रान्झिस्टर गळ्यात होता आणि मोठ्यानं बातम्या देत होता. मास्तर घरीच होते.

"पाय, मास्तर, फकीर मोहम्मदाचा हात! पाच घेतले, पर काम पाय. वाजते कसा!" मग दाराकडे बघून, अगदी मायेनं, "सुनबाई, राग नका मानू. कधी त्याच्या दुकानात बसून पाहून घ्या, म्हंजे समजन. वरवर पाहून तार तुटली म्हनून चालत नाई."

"ऐकलं का व?" झुंबरबाई म्हणाल्या.

"ऐकलं," शालू म्हणाली.

तिनं चहात साखर घातली. एक वाक्य पुरलं असतं. झाकण उघडा दादा, तिथली डाख माझी आहे. पण ते वाक्य बोललं की उद्यापासून परसदारही बंद. बानोला कोणी टोपली उतरवू देणार नाही, आणि पेटी कायमची माळ्यावर. मास्तर तिच्याकडे पाहत होते. त्यांना काही कळलं की नाही, तिला समजेना. त्यांनी नजर मात्र लगेच खाली घातली. शालूनं नारायणरावांपुढे चहा ठेवला. साखर बरोबर पडली होती.

पुढच्या आठवड्यात बानो पुन्हा आली. टोपलीत या वेळी दोन होते.

"याचे बी पाचच सांगू ना, भाबी?"

शालूनं एक हातात घेतला, कानाशी धरून हळूच हलवला. आत काहीतरी सैल खुळखुळलं.

"सात," ती म्हणाली.

"सात? काय झालं त्याले?"

शालूचं तोंड उघडलं. काय सुटलंय ते तिला दिसायच्या आधीच कळलं होतं, आणि सांगायची सवय जिभेवर होती. तिनं ओठ मिटले.

"सात सांग. पाच माझे."

बानोनं डोळे मोठे केले, मग पदर तोंडाशी धरून हसली. "बरं माय."

पुढच्या खोलीतून झुंबरबाईंनी हाक दिली, "कोन हाय व मांगं?"

"बानो आहे, आत्याबाई. बांगड्या भरून घेते."

बानोनं तिचा डावा हात ओढला, बोटं दाबून आवळली आणि बांगड्या चढवू लागली. उजव्या हातानं शालूनं पोत्यामागं लपवलेल्या पेटीतला पेचकस उचलला आणि पहिला स्क्रू सैल केला.