मालनच्या डोक्यावरचा हात

लवूचा खोकला आख्ख्या चाळीला ठाऊक होता. लालबागच्या त्या चाळीत गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी लवू खोकायचा, आणि बायका त्यावर उठून चुली पेटवायच्या. साचे खात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, त्याच्याकडे दोन साचे. मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात नवं सूत भरलं की धोट्याच्या भोकाला तोंड लावून सुताचं टोक श्वासाने बाहेर ओढायचं. दिवसात शंभरदा तरी. दरवेळी सुताबरोबर चिमूटभर कापूस घशात जायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत त्यावर चिलमीचा धूर.

गिरगावच्या हेरंबशास्त्री वैद्यांनी त्याच्या छातीला कान लावला नि सांगितलं की कापूस तुझ्या पोटाचा धंदा आहे, तो काय सुटायचा नाही. धूर तरी सोड, नाहीतर शिमगा बघशील असं वाटत नाही.

लवू घाबरला. घाबरलेला माणूस जे करतो तेच त्याने केलं. दसऱ्याच्या दिवशी नऊ वर्षांच्या मालनला पुढ्यात उभी केली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चिलीम सोडल्याची शपथ घेतली. सुभद्रा, त्याची बायको, भाकऱ्या थापत होती. ती एवढंच म्हणाली, "कोणाच्या डोक्यावर हात ठेवतोयस ते बघ."

चौदा दिवस तो पाळला. चिलीम फिरत आली की लघवीच्या निमित्ताने उठून जायचा. पंधराव्या दिवशी शेजारच्या साच्यावरचा दगडू गावाहून आला, घरचा तंबाखू घेऊन. त्याने चिलमीला गुंडाळायचं फडकं, छापी, भिजवली, निखारा ठेवला आणि पहिली चिलीम लवूच्या हातात दिली. लवू नको म्हणाला, तर दगडू सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला की ह्याला आता गावचा तंबाखूही बाटलेला वाटतो. चारजण हसले. लवूने एकच झुरका मारला.

संध्याकाळी घरी आला तर मालन तापाने फणफणलेली.

सुभद्रा म्हणत होती की पोरगी दुपारभर उन्हात चिंचा खात हिंडली, त्याचा ताप आहे. लवूला ते पटेना. त्याला माहीत होतं ताप कशाचा. तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला, पोरीच्या अंगाला हात लावायचीसुद्धा हिंमत होईना. आणि गंमत बघा, दुसऱ्या दिवशी हाच माणूस सगळ्यांच्या आधी चिलमीपाशी जाऊन बसला. शपथ मोडली ती मोडली, आता एक झुरका काय नि दहा काय. झुरका मारला की पोरीचं तोंड दिसायचं, आणि ते दिसू नये म्हणून पुढचा मारायचा. चौथ्या दिवशी मालन बरी होऊन दारात उड्या मारत होती. चिलीम मात्र चालूच होती.

दिवाळीची पहाट आली. त्यांच्या घरात रीत अशी की पोरांच्या टाळूवर तेलाचं पहिलं बोट बापाने लावायचं. सुभद्राने वाटी पाटाशी ठेवली. मालन पाटावर डोळे मिटून बसली होती. लवूने तेलात बोट बुडवलं, हात उचलला, आणि हात तिथेच थांबला. तेल ओघळून मनगटापर्यंत आलं.

"लाव ना, थंडी वाजते," मालन म्हणाली.

"मालू, आधी सुटली म्हण."

"काय सुटली?"

"शपथ. मी मोडली. तुला ताप आला त्याच दिवशी."

मालनने डोळे उघडले. पोरगी तोंडाची तिखट.

"आणि मी मेले असते तर?"

सुभद्राने ताटातले फोव, दिवाळीचे पोहे, कालवायचे थांबवले.

"चिलीम तू ओढतोस, खोकला तुझा," मालन म्हणाली. "माझं डोकं कशाला मध्ये? जा, सुटली. पण परत माझ्या डोक्याला हात लावू नको. घ्यायची तर स्वतःच्या डोक्याची घे."

तिने वाटी आईकडे दिली. तेल सुभद्राने लावलं. मग लवूने रीतीप्रमाणे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं आणि त्याचं बी जिभेला लावलं. कडू जहर. त्या दिवशी त्याने ते थुंकलं नाही.

गिरणी उघडली. साच्यावर सुताची तार तुटली, त्याने गाठ मारली, परत तुटली, परत मारली. सुट्टीत चिलीम फिरत आली तेव्हा तो उठून गेला नाही. हातात घेतली आणि शेजारच्याला दिली.

"लेकीची शपथ का रे?" दगडूने टोमणा मारला.

"ती सुटली."

"मग ओढ की."

"आज नको."

शपथ नव्हती, म्हणून मोडायलाही काही नव्हतं. रोज नव्याने नको म्हणायचं, एवढंच. कार्तिकात एकदा घसरला. पण ह्यावेळी मोडलं ते मोडलं म्हणून बसला नाही. त्याच संध्याकाळी घरी येऊन मालनला सांगितलं. ती भांडी घासत होती. मान वर न करता तिने विचारलं, "उद्या?"

"उद्या नको म्हणेन."

"बरं," म्हणाली.

शिमगा आला. खोकला गेला नव्हता, कापूस होताच. पण चाळीतल्या बायका आता भोंग्यावर उठायला लागल्या होत्या. लवूने मात्र तेवढ्या महिन्यांत पोरीच्या डोक्याला हात लावला नव्हता. गर्दीत चालतानासुद्धा तिचा दंड धरायचा.

एका रविवारी मालन तेलाची वाटी घेऊन आली आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.

"आईला वेळ नाही. लाव."

"थांब," लवू म्हणाला. "हात धुऊन येतो."

हातांना कित्येक महिने तंबाखूचा वास नव्हता. तरी त्याने मोरीत जाऊन ते दोनदा धुतले.