अर्ध्या तासाचा आडोसा

"मावशी, औषध ढकलायचा पंप पलीकडच्या कुत्रीला लावलाय. कॅल्शियम हातानंच द्यावं लागेल," जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर पोरगी म्हणाली.

"दे इकडं," तिथली जुनी नर्स मावशी म्हणाली खरी, पण कोपर टेबलाला घट्ट टेकवूनच तिनं सिरिंज धरली. अंगठ्याची थरथर तिनं तीन महिने सगळ्यांपासून लपवली होती.

टेबलावर शिंपीकाकांचा बोका निपचित पडला होता. त्याचं नाव साहेब. दुकानातल्या एकुलत्या गादीच्या खुर्चीवर तो बसायचा आणि गिऱ्हाईक ताटकळत उभं राहायचं.

"दोन दिवस कुंथत होता हो," काका म्हणाले. गळ्यातली मापाची टेप काढायचंही त्यांना सुचलं नव्हतं. "मला वाटलं, पोट साफ होत नाही. चमचाभर एरंडेल पाजलं मी मूर्खानं."

"सगळ्यांना तसंच वाटतं, काका. लघवी तुंबलीय त्याची."

तुंबलेल्या लघवीनं रक्तात पोटॅशियम चढलं होतं. मिनिटाला पावणेदोनशे ठोके सहज घालणारं ते चिमुकलं काळीज नव्वदावर आलं होतं. कॅल्शियम पोटॅशियम उतरवत नाही; काळजाला जेमतेम अर्धा तास आडोसा देतं. तेवढ्यात नळी घालून लघवीची वाट मोकळी करायची. पण घाईनं दिलं, तर तेच काळीज थांबवतं.

म्हणून मावशीचं घड्याळ वेगळं होतं. लेकीला निजवताना म्हणायची ती ओवी. एका ओवीला सिरिंजवरची एक रेघ.

"हळू हळू ये गं झोपे, वाळा वाजवू नको पायी,
दारी चांदणं निजलं, त्याला जागवू नको बाई…"

पाच रेघा सरल्या. सहाव्या ओवीला अंगठा उडाला. दोन रेघा एकदम गेल्या.

मॉनिटरच्या पडद्यावरचे ठोके लांबले. ऐंशी. बहात्तर.

कुणी पाहिलं नव्हतं. मावशीनं हात थांबवला.

"पोरी, माझा अंगठा उडाला. जास्त गेलं."

डॉक्टर पोरगी झटकन वळली. हिला शीर शोधायला मावशीनंच शिकवलं होतं. "थांबा. थांबू या जरा."

तिघंही पडद्यावरचे आकडे मोजू लागली. अठ्ठ्याहत्तर. शहाऐंशी. शंभर.

"हं, आता सावकाश पुढं," डॉक्टर म्हणाली.

मावशीनं सिरिंज तिच्यापुढं धरली. "आता तू."

"अहो, पण मला तुमचं गाणं कुठं येतं?"

"गाणं मी म्हणते. तू ढकल."

ओवी पुन्हा सुरू झाली, अंगठा मात्र दुसऱ्याचा होता. रेघा सरल्या, ठोके दीडशेवर आले. मग नळी आत सरकली आणि पिशवीत लालसर धार लागली. काकांनी टेपच्या टोकानं डोळे पुसले.

"दुकानात गेल्यावर खुर्ची त्याचीच हं," मावशी म्हणाली.

"म्हणजे काय! माझी होती कधी?"

डॉक्टर दुसऱ्या सिरिंजा भरू लागली. मावशीनं हातमोजे काढले, स्टूल ओढलं आणि उजवा हात साहेबाच्या कपाळावर ठेवला. तिथं तो थरथरला तरी चालत होतं.